शिळेवरची मराठी

इंग्रजीच्या अतिप्राचीन लेखांपैकीं एक, पांचव्या शतकांतला, सोन्याच्या लहानशा पदकावर आहे. मराठीचा तसा लेख आपल्या जवळच दगडावर आहे. आमची सोनारी ज्या परंडा तालुक्यांत आहे, त्यास स्पर्शून वाहणारी सीना दक्षिण सोलापुरांत हत्तरसंग-कुडल येथें भीमेस मिळते. तेथील संगमेश्वराच्या मंदिरांत शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आहे. हें जो वाचील तो विजयी होईल, असें त्यांत मराठींत कोरलें आहे. ज्ञानेश्वरीहून हा लेख २७२ वर्षांनीं वडील. गांवोगांवच्या देवळांत शिळांवर शेंदराचीं व तैलरंगाचीं पुटें चढत आहेत. त्यांखालीं असें अक्षर असल्यास तें वाचणार कोण? म्हणून रंग देण्यापूर्वीं शिळा धुवून नीट न्याहाळावी, एवढीच विनंती.