कापडी पिशवीचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त समाजातील प्रत्येक घरी ट्रस्टचे नाव छापलेली कापडी पिशवी भेट द्यावी, अशी सूचना समितीपुढे आली आहे. सूचनेमागील भावना स्तुत्य आहे. माझे सारे आयुष्य कापड मोजण्यात गेले, तेव्हा मी या सूचनेचे सर्वप्रथम स्वागत करीन असे पुष्कळांना वाटले असेल. तथापि मला तिला विरोध करावयाचा आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने तो हिशेबाच्याच भाषेत करतो.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे दुष्परिणाम आपणांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईचे नाले तुंबण्यास या पिशव्याही कारणीभूत ठरल्या होत्या. पुढे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने बंदीची अधिसूचना काढली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ इत्यादींवर देशभर बंदी घातली. कायदे झाले. परंतु एक वस्तू बंद होताच तिच्या जागी दुसरी फेकण्याजोगी वस्तू आली, आणि ती पुष्कळदा चांगल्या नावाने आली.

उदाहरणार्थ, दुकानातून 'कापडी' म्हणून हाती पडणारी रंगीत, हलकी, जाळीदार ठसे असलेली पिशवी घ्या. ती कापड नव्हे. तिला ताणा नाही, बाणा नाही. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचे तंतू उष्णतेने एकमेकांस चिकटवून ती तयार केलेली असते. माझ्या धंद्यातील साधी परीक्षा सांगतो. पिशवीच्या कडेचा एक धागा ओढून पाहा. सुती कापडाचा धागा सरळ निघून येतो. या पिशवीचा निघतच नाही, केवळ लव सुटते. कोपरा जाळला तर सूत कागदासारखे जळून राख होते, आणि ही वितळून तिचा कठीण मणी होतो. चहाच्या कागदी पेल्याचेही तेच. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिल्याखेरीज कागदात चहा टिकणार कसा? खरगपूरच्या आय.आय.टी.ने २०२० साली केलेल्या अभ्यासात, अशा पेल्यात शंभर मिलिलीटर गरम द्रव पंधरा मिनिटे ठेवला असता त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरल्याचे आढळले. आपल्या समाजात पाणी गाळून पितात, आणि चहा मात्र या पेल्यातून!

आता खऱ्या सुती पिशवीकडे वळू. इंग्लंडच्या शासकीय पर्यावरण संस्थेने २०११ साली पिशव्यांचा जन्मापासून नाशापर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला. एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत, हवामानावरील परिणामापुरते पाहिले तर, सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली तरच बरोबरी होते, असा त्याचा निष्कर्ष. हे ऐकून कोणाला आश्चर्य वाटेल. कापडवाल्यास वाटू नये. कापसाला पाणी लागते, खत लागते, फवारणी लागते. सूतगिरणीस व मागास वीज लागते. धुलाई व रंगाई यांस पुन्हा पाणी लागते. त्या हिशेबात नाल्यात अडकलेली किंवा गाईच्या पोटात गेलेली पिशवी धरलेली नाही, हे खरे. तरीही १३१ हा आकडा विसरू नये. आठवड्यातून दोन वेळा बाजारास नेली तर तेवढे वापर होण्यास सुमारे सव्वा वर्ष लागते.

आता आपापल्या घरचे कपाट आठवा. लग्नात मिळालेल्या, प्रतिष्ठा-महोत्सवात मिळालेल्या, बँकेने दिलेल्या अशा किती पिशव्या तेथे घडी घालून पडल्या आहेत? त्यांत आपण आणखी एक घालणार. एका पिशवीचे १३१ वापर होणे शक्य आहे. दहा पिशव्यांचे प्रत्येकी १३१ कोणत्या घरी होणार? पिशव्यांची ऑर्डर माझ्यासारख्याच दुकानदाराकडे येते, म्हणून हे माझ्या तोंडून ऐकलेले बरे.

याउलट पाणी गाळावयाचे फडके पाहा. घट्ट विणीचे, ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद, दुहेरी करून वापरण्याचे, असे त्याचे माप परंपरेने सांगितले आहे. दिवसातून दोनदा पाणी गाळले तर १३१ चा आकडा अवघ्या सहासष्ट दिवसांत पार होतो, आणि फडके त्यापुढेही कामी येत राहते. जुन्या धोतराची दुपटी व लंगोट होत, नऊवारीची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणे होई. त्या घरांत कापड मोजकेच असे, म्हणून ते झिजेपर्यंत वापरले जाई. आजच्या तयार डायपरमध्ये लाकडाचा लगदा, पाणी शोषणारे रसायन आणि प्लॅस्टिक असते, आणि ते काही तासांत कचऱ्यात जाते. प्रवासात त्याची सोय आहे, हे मी नाकारीत नाही. घरी दिवसभर त्याची गरज काय, एवढेच विचारतो.

मग महोत्सवाच्या निधीचे काय करावे? माझी सूचना अशी की ट्रस्टने स्टीलच्या पाचशे ताट-वाटी-पेल्यांचा संच घ्यावा. पूर्वी गावोगावच्या मंदिरांत अशी भांडी असत व कार्यास घरोघरी जात. नंतर थर्माकोलची ताटे आली आणि भांडी माळ्यावर गेली.

यावर काही ज्येष्ठांचा आक्षेप माझ्या कानी आला आहे : भांडी घासण्यास पाणी लागते, त्यात अप्काय जीवांची विराधना होते. आक्षेप गंभीर आहे. परंतु कागदी ताटाच्या कारखान्यातही पाणी लागतेच, ते आपल्या डोळ्यांआड वापरले जाते इतकेच. आणि उष्ट्या ताटांच्या ढिगावर माशा-मुंग्या येतात, गुरे तोंड घालतात, ती विराधना आपल्या दारात होते. ताटात उष्टे न टाकणे, ताट धुऊन ते पाणी पिणे हा आपल्या घरांतील जुना प्रघात पंगतीत पुन्हा सुरू केल्यास निम्मे काम तेथेच होते. उष्टे ४८ मिनिटांपलीकडे ठेवू नये, असे आपण मानतोच. अन्न वाळण्यापूर्वी ताट धुतले की पाणीही कमी लागते.

घासण्याचे श्रम मात्र कोणाच्या तरी वाट्यास येणार. ते गृहीत धरून भगिनींवर टाकू नयेत. मोबदला देऊन माणसे नेमावीत आणि तो खर्च पंगतीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून लिहावा. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतील त्या वर्षी पळसाच्या पत्रावळी खुशाल वापराव्यात. त्यांचे खत होते. फक्त त्यांवर चंदेरी मुलामा नसावा, एवढे पाहावे.

भांडी न्यावयाची त्याने अनामत ठेवावी, मोजून न्यावीत, मोजून परत करावीत, आणि एक वही ठेवावी. वहीचे काम पहिली तीन वर्षे मी पाहीन. पिशव्यांचा ठराव पुढील बैठकीत मतास येईल, तेव्हा आपण आपले मत अवश्य मांडावे.

जय जिनेंद्र!