बीज आणि भूमी : कर्करोगाच्या प्रसाराविषयी
(वार्षिक सभेतील भाषण)



“गाठ तर पूर्ण काढली होती, मग रोग हाडांत कसा गेला?” हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. त्याच्या उत्तरासाठी निसर्गाकडे पाहावे लागते.

वडाची असंख्य बीजे पक्ष्यांमार्फत दूरवर पडतात; रुजतात मात्र थोडी, जिथे भिंतीच्या भेगेत ओल मिळते तिथे. मूळ गाठीतून निसटलेल्या कर्कपेशीही रक्तावाटे सर्वत्र फिरतात व बहुतेक वाटेतच नष्ट होतात. काही मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच दूर पोहोचून वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. रोग यकृतात वारंवार, प्लीहेत क्वचित आढळला. रक्त तर दोहोंकडे जाते. म्हणून बीजाबरोबर भूमीचाही विचार व्हावा, असे त्यांनी मांडले.

हाडांत झीज आणि भर अखंड चालू असते. झिजताना मोकळी होणारी वाढद्रव्ये कर्कपेशींना पोसतात आणि त्या पेशी झीज आणखी वाढवतात. रानात शिरलेली परकी वनस्पती भोवताल आपल्या सोयीचा करून घेते, तसेच हे. ही झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधे म्हणजे भूमीवरचा उपचार होय. २०१५ मध्ये २६ चाचण्यांतील १८,७६६ स्त्रियांची माहिती एकत्र अभ्यासण्यात आली. रजोनिवृत्त स्त्रियांत दहा वर्षांत हाडांत रोग उद्भवण्याचे प्रमाण या औषधांमुळे ८.८ वरून ६.६ टक्क्यांवर आले. शंभरांत सुमारे दोघी, एवढाच हा लाभ. पण त्या दोघींच्या घरी तो लहान नसतो. रजोनिवृत्तीपूर्वी असा लाभ दिसला नाही. भूमी बदलली की फळही बदलते.

आप्तजनांना आमची विनंती आहे की, रोग पसरला म्हणून आपली सेवा कमी पडली, असे मानू नये. भूमी म्हणजे पथ्यपाणी नव्हे. कोणत्याही आहाराने हे बीज अडत नाही. शस्त्रक्रियेनंतरची औषधे आणि तपासण्या मात्र वैद्यांना विचारल्याविना थांबवू नयेत.

देणगीदारांनी शस्त्रक्रियेच्या एका दिवसाइतकाच त्यानंतरच्या दीर्घ वर्षांनाही हात द्यावा. सुप्त बीजावरील पहारा त्याच वर्षांत द्यावा लागतो.