बिबट्याचा पंचनामा होतो, मग गाडीचा का नाही?

(मंचर येथे जुन्नर-आंबेगावच्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी जुन्नरचा. शिक्षण इंजिनीअरिंगचं, काम सॉफ्टवेअरचं. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आलो आणि कंपनीनं तिथूनच काम करायला परवानगी दिली. घरात चार लहान मुलं, इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून नारायणगावात एक छोटी खोली भाड्यानं घेतली. जुन्नर ते नारायणगाव साधारण पंधरा किलोमीटर. बहुतेक दिवस सायकलवर जायचो.

अम्मीला एकच काळजी होती, बिबट्याची. आपल्याकडे ती खोटी नाही. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके येतात आणि चारही तालुक्यांत उसात बिबट्या आहे. "अंधार पडायच्या आत घरी ये," असं ती रोज सांगायची. गाडीवाल्यांपासून सांभाळ, असं मात्र कुणीच कधी म्हणालं नाही.

जानेवारी २०२५ चा पहिला आठवडा. संध्याकाळचे पावणेसात वाजलेले. कारखान्याचा हंगाम चालू, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता. मी डांबराच्या अगदी डाव्या कडेला होतो. मागून एक कार आली. ट्रॅक्टर जाईपर्यंत दहा सेकंद थांबली असती तर हे भाषण झालंच नसतं. ती थांबली नाही, ट्रॅक्टर आणि मी यांच्या मधून घुसली. तिचा डावा आरसा माझ्या कोपराला लागला, हँडल फिरलं आणि मी खचलेल्या साइडपट्टीवर खांद्यावर पडलो. कॉलरबोन मोडलं.

माझीही चूक सांगतो. सायकलचा मागचा दिवा त्या दिवशी चार्ज नव्हता. मला ते माहीत होतं, तरी निघालो.

गर्दी जमली. कारवाला पुढे जाऊन थांबला होता, तो परत आला. पंचविशीतला पोरगा, माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला. कुणीतरी विचारलं, "नाव काय तुमचं?" मी म्हणालो, "समीर." आडनाव सांगितलं नाही. समीर हे माझं घरातलं नाव, कागदावरचं नाही. ते दोन्हीकडे चालतं. हाड मोडलेलं असताना माझ्या डोक्यात पहिला हिशोब हा आला. त्या गर्दीत कुणी मला वाईट बोललं नव्हतं, उलट एकानं पाणी पाजलं. तरी मी आडनाव गिळलं. तुमच्यापैकी किती जणांनी असं केलंय, हे मी विचारत नाही. हात वर करायला तुम्हालाही अवघड जाईल.

टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन चाललेल्या एका पिकअपवाल्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं, सायकल मागे टाकली आणि स्वतःच्या फोनवरून माझ्या भाईला कळवलं. त्यानं नाव विचारलंच नाही.

दवाखान्यात दोन गोष्टी घडल्या. डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" मी काही बोलायच्या आत भाई म्हणाला, "सायकलवरून घसरून पडला." पोलिसांचं लचांड नको, एवढाच त्याचा हेतू. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. दुसरी गोष्ट, तो पोरगा आपल्या मामाला घेऊन आला. मामांनी तीन हजार रुपये काढले आणि म्हणाले, "इथंच मिटवून टाकू." अब्बांनी पैसे घेतले आणि मला म्हणाले, "जान बची ना? छोड दे अब. पोलीस-कचेरी अपने बस की नहीं." मीही मान हलवली. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. खर्च कंपनीच्या विम्यातून निघाला. मला वाटलं, विषय संपला.

पाचव्या-सहाव्या दिवशी मोहल्ल्यातले एक चाचा भेटायला आले. ते सायकलवर पाव आणि खारी विकायचे. तीन वर्षांपूर्वी त्यांना एका जीपनं उडवलं. पाच हजारांत मिटलं. पाय वाकडा बसला, सायकल सुटली, धंदा गेला. आता मुलाच्या टपरीवर बसतात. त्यांनी माझा खांदा पाहिला आणि विचारलं, "कागद केला ना?" मी म्हणालो, "नाही चाचा, मिटवलं." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तू शिकलेला आहेस."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. माझ्याकडे पगार होता, विमा होता, रजा होती. त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. मी तीन हजारांत मिटवतो तेव्हा पुढच्या पाववाल्याचा भावही मीच ठरवून देतो.

त्याच आठवड्यात, १७ जानेवारीला, नारायणगावजवळ पुणे-नाशिक महामार्गावर तो मोठा अपघात झाला. नऊ माणसं गेली. तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. मी घरी हात गळ्यात बांधून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे माझ्या अपघाताच्या बाराव्या दिवशी, भाईला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि पूर्ण नाव सांगितलं.

आता आपल्या गावचा विचार करा. बिबट्यानं शेळी नेली तर अडाणी म्हातारीलाही माहीत असतं की मेलेली शेळी हलवायची नाही, वन खात्याला फोन करायचा, पंचनामा झाला की भरपाईचा अर्ज भरायचा. तिथं कुणी म्हणत नाही, "नशीब होतं, मिटवून टाका." एका शेळीसाठी आपल्याला पूर्ण प्रक्रिया पाठ आहे. गाडीनं माणूस उडवला तर आपण रस्त्यावरच भाव करतो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "बारा दिवस काय करत होता?" दुसरा, "केसपेपरवर तर घसरून पडला असं आहे." दोन्ही प्रश्न रास्त होते. जागेवर काही उरलं नव्हतं. शेवटी दोन गोष्टी कामी आल्या. एक, माझ्या फोनमधलं सायकलिंगचं अ‍ॅप. वेग शून्य झाला ती वेळ आणि ती जागा त्यात नोंदलेली होती. आमच्या कामात सर्व्हर पडला की आधी लॉग बघतात, तसंच हे. दुसरी, तो पिकअपवाला. भाईच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता. तो आला आणि पाहिलं ते सांगून गेला. गुन्हा नोंदला गेला. पुढे मे महिन्यात वकिलामार्फत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा दाखल केला. तो अजून चालू आहे. केसपेपरवरच्या त्या एका वाक्यामुळे समोरचा वकील आम्हाला पिळतो. निकाल काय लागेल, मी सांगू शकत नाही.

त्या पोराचा फोन आला होता. "भाऊ, मिटलं होतं ना?" मी त्याला समजावलं की भरपाई त्याच्या विमा कंपनीकडून मागतोय. गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो तो यासाठीच. विमा चालू असला तर सहसा पैसे कंपनी देते. विमा नसेल, तर मात्र मालकाच्या खिशाला हात लागतो. त्याचा विमा चालू होता. तो जरा शांत झाला.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

गाडी थांबली असेल तर सगळ्यात आधी नंबर प्लेटचा फोटो. मग जागेचा, मग वाहनाचा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे चालकाचंच कर्तव्य आहे.

डॉक्टरांना खरं सांगा. "गाडीनं धडक दिली," हे वाक्य केसपेपरवर आलंच पाहिजे. घरच्यांनाही हे आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी बोलणारे तेच असतात.

एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. दाव्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, तेव्हा वेळ काढू नका. स्वतःची थोडी चूक असली तर भरपाई कमी होऊ शकते, पण हक्क जात नाही. माझा दिवा बंद होता हे मी फिर्यादीतही सांगितलं.

गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार आहेत. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची योजनाही आली आहे. दवाखान्यात ती नाव घेऊन मागा.

आणि दुसरा कुणी पडलेला दिसला तर उचला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीनं ते कलम १३४-अ म्हणून कायद्यात आलं. दवाखाना तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही, पोलीस तुमच्यावर नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत.

"तकदीर होती," असं घरचे म्हणतील. त्यांना आदरानं सांगा की चुकून माणूस मेला तरी वारसांना दियत द्यायची, हे आपल्या धर्मातही आहे. माफ करणं हा वारसांचा अधिकार आहे. पण माफी द्यायलासुद्धा आधी नुकसान मान्य व्हावं लागतं. घाबरून गप्प बसणं म्हणजे माफी नाही, आणि त्याला सबरही म्हणू नये.

शिकलेल्या, मोठ्या माणसालाही रस्ता सोडत नाही. इंटेलच्या पेंटियम चिपच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता ते अवतार सैनी २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेत गेले. सोबत सायकलस्वार मित्र होते. चालकावर गुन्हा नोंदला गेला. आमच्या पाववाल्या चाचांसोबत कुणी नव्हतं. कागद दोघांचाही व्हायला हवा.

शेवटी आपल्याच घरातलं. ईदच्या दिवशी तिघं-तिघं बाइकवर बसून महामार्गावर जाणारी पोरं आपलीच आहेत. लायसन्स नसलेल्या भाच्याला चावी देणारे मामूही आपणच. उद्या आपल्या गाडीखाली कुणाचा पाववाला आला तर पळू नका, त्याला दवाखान्यात न्या आणि आपलं पूर्ण नाव सांगा. आज घरी गेल्यावर गाडीच्या विम्याची तारीख तेवढी बघा.

मी पुन्हा सायकल चालवतो. मागचा दिवा आता रोज रात्री फोनच्या शेजारी चार्जिंगला असतो. अम्मी अजूनही बिबट्याचंच बोलते.