छातीतलं पाणी



मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्राविषयी बोल." पण जेवणाआधी सॉफ्टवेअर कोणाला ऐकायचंय! मी लेकीच्या आजारपणाविषयी बोलते.

ती नऊ वर्षांची होती. तीन आठवडे संध्याकाळचा ताप, कोरडा खोकला, उजव्या कुशीत दुखणं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मग एका बालरोगतज्ज्ञांनी तिच्या पाठीवर बोट ठेवून त्यावर टकटक केली. डावीकडे पोकळ आवाज, उजवीकडे खाली एकदम बद्द. रांजण किती भरलाय ते आजी असंच बघायची. ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर या डॉक्टरांनी १७६१ मध्ये ही रीत मांडली.

एक्स-रे, सोनोग्राफी झाली. फुप्फुसाभोवती पाणी. सुईने काढलं तर पिवळसर, स्वच्छ. पू नाही, दुधासारखंही नाही. प्रथिनं जास्त, म्हणजे दोष हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा नव्हे, आवरणालाच सूज. पेशींत बहुतेक लिम्फोसाइट, एडीए ४० च्या बराच वर. पण क्षयाचा जंतू एकही नाही! मी हट्टाला पेटले, "पुरावा नाही तर निदान कसलं?" डॉक्टर म्हणाले, "या पाण्यात जंतू फार थोडे असतात, बहुतेकदा सापडतच नाहीत. हे पाणी म्हणजे शरीराने त्यांच्यावर काढलेला राग. घरात कोणी खोकतं का?"

मी पटकन "नाही" म्हटलं. रात्री आठवलं. आमचे दादा! सुट्टीत लेक इथे सुदुंबऱ्यात त्यांच्याशेजारीच झोपायची. संताजी महाराजांच्या देवळात भजनाला बसले की टाळांपेक्षा त्यांचा खोकला मोठा. आम्ही सगळे म्हणायचो, बिडीचा आहे.

दादा तपासणीला तयार होईनात. "गावात कळलं तर?" खरं सांगते, तीच भीती मलाही होती. आपल्या ग्रुपवर मी "साधा न्यूमोनिया" असं लिहिलं होतं. ते आज मागे घेते. शेवटी दादा नातीसाठी तयार झाले. थुंकीत जंतू निघाले.

दोघांनी सहा महिने सरकारी मोफत गोळ्या घेतल्या, एकही दिवस न चुकवता. धाकट्यालाही प्रतिबंधक औषध दिलं. लेक आता कबड्डी खेळते. दादा मंडपात मागे बसलेत. हे बोलायची परवानगी त्यांनीच दिली. बिडी मात्र अजून सुटलेली नाही.