हलके ट्रेल शूज : वजन काट्यावर कळतं, पकड उतारावर

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत, बाकी जसं बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)

पावसाळा तोंडावर आला की मला एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. "ताई, डोंगरात पळायला हलके शूज घ्यायचेत, कुठले घेऊ?" आज त्याचंच उत्तर द्यायचंय. पण आधीच सांगते, शेवटी मी एका मॉडेलचं नाव घेऊन मोकळी होणार नाहीये. मॉडेल दरवर्षी बदलतं. नाव तेच राहतं आणि खालचं रबर, फोम, रुंदी सगळं वेगळं झालेलं असतं. त्यामुळे आज शूज पारखायचे कसे, ते बोलू. दहा-बारा हजार रुपये आपण घालतो, आणि ओल्या उतारावर आपला घोटा आणि मनगट त्या तळाच्या भरवशावर असतं. तेवढी पारख आपल्याला यायलाच हवी.

हलका म्हणजे नेमका किती?

खोक्यावर किंवा साइटवर जे वजन लिहिलेलं असतं ते एका बुटाचं असतं, जोडीचं नाही. आणि तेही एका ठरावीक मापाचं, बहुतेक वेळा यूके 8 च्या आसपासचं. तुमचं माप 10 असेल तर तुमचा बूट त्याहून जड असणार. साधारणपणे 250 ग्रॅमच्या आतबाहेर असला की ट्रेल शू हलका म्हणायचा, 300 च्या वर गेला की मध्यम.

आता या वजनाने फरक किती पडतो? यावर बरीच मोजमापं झाली आहेत, आणि ढोबळ हिशेब असा निघतो की प्रत्येक बुटाचं वजन 100 ग्रॅमने वाढलं तर धावताना लागणारा ऑक्सिजन साधारण 1 टक्क्याने वाढतो. म्हणजे बघा, 310 ग्रॅमचा बूट सोडून 230 चा घेतला तर एक टक्कासुद्धा वाचत नाही. तीन तासांच्या पळण्यात फार तर दीड मिनिट धरा. आणि पकड नाही म्हणून उतारावर दर पावलाला ब्रेक मारत आलात, तर ते दीड मिनिट पहिल्या दोन वळणांतच गेलं!

हलका बूट वाईट, असं मी म्हणत नाहीये. मला स्वतःला हलकेच आवडतात. चढावर पाय उचलताना बरं वाटतं, आणि पाय कुठे पडतोय ते कळतं. फक्त वजन कमी दिसलं की एक प्रश्न विचारायचा : हे वजन काढलंय कुठून?

वजन कुठून काढलंय?

कंपनीला वजन कमी करायच्या जागा मोजक्याच असतात. एक, तळाचं रबर. पूर्ण तळाला रबर लावण्याऐवजी मधे मधे फोम उघडा सोडायचा. दोन, तळावरचे दात, ज्यांना आपण लग्स म्हणतो, ते कमी किंवा बुटके करायचे. तीन, पंजाखालची रॉक प्लेट काढून टाकायची. चार, टाचेमागचा कडक भाग आणि जिभेची गादी पातळ करायची.

हे सगळं दुकानातच तपासता येतं. बूट उलटा करा, उघडा फोम किती आणि कुठे आहे ते बघा. मधल्या कमानीखाली उघडा असेल तर फारसं बिघडत नाही. पण टाचेच्या कडेला किंवा पंजाच्या पुढे असेल तर तिथेच आपण कातळावर टेकतो, आणि फोमला रबरासारखी पकड नसते. मग एक हात बुटात घाला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पंजाखालून जोरात दाबा. आतल्या बोटांना अंगठा स्पष्ट टोचला, तर वाटेवरचा प्रत्येक खडा तुम्हाला तसाच टोचणार आहे. तासाभराच्या पळण्याला चालेल. पाच-सहा तासांना तळवे सोलवटून निघतील. शेवटी टाचेमागचा भाग चिमटीत धरा. कापडासारखा दुमडला, तर आडव्या उतारावर टाच आतल्या आत सरकायची शक्यता जास्त.

पकड : जमीन तीन, उत्तरं तीन

"याला ग्रिप चांगली आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. कशावर ग्रिप, ते आधी सांगायला हवं. सह्याद्रीत आपल्याला मुख्यतः तीन प्रकारची जमीन लागते.

पहिली, ओला कातळ. आपला बेसॉल्ट. इथे लांब दातांचा उपयोग नाही, उलट तोटाच. दात लांब आणि विरळ असले की कातळाला टेकणारं रबर कमी होतं आणि तुम्ही जणू खडूच्या टोकांवर उभे राहता. इथे लागतं मऊ रबर आणि जास्तीत जास्त टेकणारी जागा. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीतपणात दबून बसतं, ती पकड. ओळखायचं कसं? अंगठ्याचं नख दातावर दाबा. किंचित ठसा उमटून हळूहळू गेला तर रबर मऊ. नख नुसतंच घसरलं तर कडक. ही काही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण दोन बूट शेजारी धरून केलीत तर फरक लगेच कळतो.

इथे व्हिब्रमबद्दल थोडं सांगते, कारण तळावरचा तो पिवळा अष्टकोन बघून बरेच जण डोळे झाकून बूट घेतात. व्हिब्रम हे नाव विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाच्या नावावरून आलं. 1935 साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती मेले, आणि त्यात पायातल्या अपुऱ्या पादत्राणांचाही वाटा होता. त्यातून त्याने रबरी तळावर काम सुरू केलं आणि 1937 मध्ये दातांचा रबरी तळ आणला. 1954 मध्ये के-टू पहिल्यांदा सर झालं, ते याच तळांवर. म्हणजे कंपनी जन्मालाच आली ती पाय घसरण्याच्या प्रश्नातून. पण त्यांच्याकडे रबराची अनेक मिश्रणं आहेत. ओल्या दगडासाठी नाव घेतलं जातं ते मेगाग्रिपचं. नुसतं व्हिब्रम लिहिलंय म्हणजे मेगाग्रिप, असं नाही. कुठलं मिश्रण आहे ते वाचून घ्या. बाकी कंपन्यांची स्वतःची रबरंही असतात, त्यांना नखाची चाचणी लावा.

दुसरी जमीन, चिखल. शेताच्या बांधावरचा, पायथ्याच्या गावातल्या बैलगाडी-वाटेवरचा. इथे सगळं उलटं! इथे 5-6 मिलिमीटरचे दात हवेत, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी. दात दाट असले की काळी माती मधे भरून बसते, आणि दहा पावलांत तळ सपाट होतो. वर अर्धा किलो माती घेऊन पळायचं ते वेगळंच. दोन दातांच्या मधे करंगळी सहज बसते का, एवढं बघा.

तिसरी, मुरूम आणि घसारा. पावसाळा संपला की कोरड्या सोंडांवर बारीक खडे सुटे होतात. राजगड-तोरणा केलेल्यांना बुधला माचीच्या बाजूचा उतार आठवत असेल. इथे 4 ते 5 मिलिमीटरचे दात चालतात, पण टाचेकडचे दात उलट्या दिशेला हवेत. पुढच्या दातांचं तोंड चढाला धरतं, मागच्यांचं उताराला. तळ बघा, टाचेचे बाण पंजाच्या बाणांच्या विरुद्ध दिशेला दिसले पाहिजेत.

मग एकच जोड घ्यायची असेल तर? आपल्याकडे कातळ, चिखल, मुरूम हे सगळं एकाच गडावर एकाच सकाळी लागतं. म्हणून मी 4 मिलिमीटरच्या आसपासचे दात आणि मऊ रबर यांच्या बाजूने कौल देते. चिखलात घसरलात तर कपडे मळतात. कातळावर घसरलात तर हाड मोडतं. ज्या पडण्यात इजा मोठी, त्याचा विचार आधी.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. हिरवंगार, बुळबुळीत शेवाळ धरलेल्या पायरीवर कुठलाच बूट टिकत नाही. पंधरा हजारांचाही नाही. तिथे पळायचं नाही. कडेने, गवताला धरून, तिरका पाय टाकत चालायचं. गडाखालच्या वाड्यांमधली माणसं साध्या प्लास्टिकच्या चपलांवर झपाझपा उतरतात ना, ती पाय कुठे टाकायचा हे जाणतात म्हणून.

आराम : पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका

दुकानातल्या फरशीवर मऊ फोमचा बूट घातला की माणूस विरघळतोच. पण डोंगरात आराम म्हणजे चौथ्या तासालाही पायाची आठवण न होणं. त्यासाठी तीन गोष्टी बघा.

एक, बोटांची जागा. उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं पुढे आपटतात. काळी पडलेली नखं बघितली असतीलच तुम्ही! शूज घ्यायला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पळताना वापरता तेच मोजे घाला. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मग दुकानाच्या जिन्यावरून झपझप उतरा आणि पायरीच्या कडेला बोटं हलकेच ठोकून बघा. बोटं पुढे टेकली, तर तो बूट तुमचा नाही.

दोन, रुंदी. अनवाणी किंवा चपलेत वाढलेले पाय पुढून पसरट असतात. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मोजून हेच दिसलं होतं, 2009 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निमुळत्या बुटात असा पाय कोंबला की करंगळीला फोड ठरलेला. लांबीने मोठं माप घेऊन हे सुटत नाही, मग टाच ढिली होते. रुंद टो बॉक्सचा बूट शोधा. अल्ट्रासारख्या कंपन्या रुंद पंजासाठीच ओळखल्या जातात. मात्र त्यांचे बरेच बूट झीरो ड्रॉप असतात, म्हणजे टाच आणि पंजा एकाच उंचीवर. रोजच्या 8-10 मिलिमीटर ड्रॉपवरून एकदम शून्यावर आलात तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर बोंब मारतात. थोडं थोडं करून सवय करा.

तीन, उंची. 2009 मध्ये होका आली आणि जाड मिडसोलची लाट आली. लांबच्या उतारावर गुडघ्यांना बरं वाटतं, हे खरंच. पण पाय जमिनीपासून जितका उंच, तितका तो वाकड्या दगडावर कलंडायची शक्यता जास्त. घोटा आधी मुरगळला असेल तर मध्यम उंची बरी.

आणि हो, वॉटरप्रूफ! आपल्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून आत जातं. वॉटरप्रूफ पडदा असला की ते आतच राहतं. आपल्याला पाणी अडवणारा बूट नकोय, पाणी सोडणारा हवाय. घरी आणल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक बूट तोला. कोरडा किती ते लिहा. बादलीत बुडवा, काढून पाच मिनिटं निथळू द्या, पुन्हा तोला. जाड गादीचा "हलका" बूट ओला झाल्यावर किती जड होतो ते बघून गंमत वाटेल. आपल्याकडे चार महिने ते दुसरं वजनच खरं.

(एक सूचना : परत करायची मुदत असेल तर आधी कोरडेच घालून घरात तासभर वावरा. माप बरोबर आहे याची खात्री झाली की मगच बादली आणि डोंगर. चिखल लागलेला बूट कोणी परत घेत नाही.)

पहिली चाचणी कुठे?

नव्या शूजवर थेट मोठा गड नको. पुण्यात वेताळ टेकडी, नाशकात पांडवलेणी, मुंबईत नॅशनल पार्कातली कान्हेरीची बाजू, अशी जवळची, ओळखीची जागा घ्या. आधी एक बुटका, ओला, तिरका दगड निवडा, पडलात तरी लागणार नाही इतका. एका पायात जुना बूट, एका पायात नवा. पळायचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि हळूहळू वजन एकेका पायावर टाकायचं. कुठला आधी सुटतो ते दोन मिनिटांत कळतं.

मग दोन्ही नवे घालून तोच उतार तीनदा उतरा. पहिल्यांदा चालत, मग हळू पळत, मग नेहमीच्या वेगाने. खाली आल्यावर दोनच प्रश्न : टाच आत सरकली का? आणि नजर पायाकडे जास्त होती की पुढच्या वाटेकडे? बुटावर भरवसा बसला की नजर आपोआप पुढे जाते. टाच सरकत असेल तर सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडीचा फास करून बांधा आणि पुन्हा उतरा. तरीही सरकली तर माप किंवा आकार चुकलाय.

शेवटचं, मऊ रबर डांबरावर भराभर झिजतं. घरापासून आतकरवाडीपर्यंत रस्त्याने पळत जाऊन मग सिंहगड चढणार असाल, तर महागडं रबर खडकवासल्याच्या रस्त्यावरच संपेल. रस्त्याला रस्त्याचे शूज. आणि पंजाखालचे दात निम्मे झिजले की तो जोड टेकडीच्या कोरड्या वाटेला ठेवा, पावसाळी गडाला नाही.

तर मंडळी, या पावसाळ्यात घरातल्या काट्यावर तुमचे बूट कोरडे किती आणि ओले किती भरले, ते मला नक्की कळवा. माप आणि मॉडेलही लिहा, म्हणजे इतरांना उपयोग होईल. पुढच्या भागात बोलू उतारावर पाय टाकायच्या पद्धतीबद्दल. तोवर जपून उतरा. भेटू!