सहाव्या आठवड्यातलं बाळ



अध्यक्षीय भाषणात सगळ्या शाखेचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे: तान्ह्या बाळाच्या कातडीवर उगवणारी रक्तवाहिन्यांची गाठ, म्हणजे हेमँजिओमा. बाळपणी होणाऱ्या गाठींमध्ये ही सर्वांत जास्त आढळणारी. शंभर बाळांमागे साधारण चार-पाच जणांना होते. मुलींना अधिक होते, आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना तर विशेष. कर्करोगाशी तिचा संबंध नाही. बहुतेक गाठी पुढे आपोआप विरतात. आणि नेमकं हेच वाक्य, ‘आपोआप जाईल, काळजी करू नका’, आज कित्येक मुलांचं नुकसान करतं आहे, हे मला या सभेपुढे मांडायचं आहे.

या गाठीचं वेळापत्रक मोठं काटेकोर असतं. जन्मताना बहुधा काहीच दिसत नाही, किंवा एखादा फिकट चट्टा, मुका मार लागल्यासारखी निळसर छटा, दोन-चार बारीक लाल रेषा एवढंच दिसतं. आपल्याकडच्या सावळ्या बाळांत तर तेही नजरेतून सुटतं. बारशाला जमलेल्या बायकांना ते दिसलंच, तर डास चावला असेल म्हणून विषय संपतो. मग साडेपाच ते साडेसात आठवड्यांच्या दरम्यान ही गाठ झपाट्याने वाढते. तिसरा महिना संपेपर्यंत वरवरच्या गाठीने आपल्या अंतिम आकाराचा सुमारे ऐंशी टक्के टप्पा गाठलेला असतो. पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेकींची वाढ थांबते. खोलवरच्या, निळसर दिसणाऱ्या गाठी मात्र आणखी काही महिने वाढत राहतात. उतार वर्षाच्या आसपास सुरू होतो आणि चौथ्या वर्षापर्यंत बव्हंशी पूर्ण होतो.

आता याच्या शेजारी आपल्या घरांतलं वेळापत्रक ठेवून पाहा. बाळंतीण माहेरी असते. सव्वा महिना ती आणि बाळ घराबाहेर पडत नाहीत. बाळाचं अंग रोज उघडं पाहणारी माणसं दोन, आई आणि मालीश करणारी बाई. तिसऱ्या महिन्यानंतर बाळ वडिलांच्या घरी येतं, तिथे पहिल्यांदा कुणी म्हणतं, ‘एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू या.’ म्हणजे ज्या आठवड्यांत औषधाने सर्वांत जास्त काम केलं असतं, ते आठवडे माहेरच्या खोलीत निघून गेलेले असतात. यात त्या आईचा दोष नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

‘थांबून पाहू’ हा सल्ला आपल्या शाखेत कुठून आला, हे तरुण सहकाऱ्यांनी जाणून घेतलं पाहिजे, कारण एके काळी तो फार शहाणपणाचा सल्ला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गाठींवर रेडियम लावत, क्ष-किरण सोडत. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या संस्थेत 1920 ते 1959 या काळात चौदा हजारांहून अधिक बाळांवर असे उपचार झाले. गॉथेनबर्गमध्येही हजारोंवर झाले. गाठ गेली, पण त्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, थायरॉइडचंही. त्या देशाने नोंदी जपल्या आणि पिढ्यानपिढ्या तपासल्या, म्हणून जगाला हे कळलं. अशा काळात, 1938 साली, लिस्टर नावाच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की या गाठी हात न लावताही मावळतात. त्या निबंधाने असंख्य बाळांना किरणांपासून आणि सुरीपासून वाचवलं असेल.

पण हातात निरुपद्रवी औषध नसताना दिलेला सल्ला औषध मिळाल्यावरही तसाच देत राहणं मला मान्य नाही. 1960च्या दशकात स्टेरॉइड आलं. त्याने गाठ आवरते, पण बाळाची वाढ खुंटते, रक्तदाब चढतो. 1990च्या दशकात इंटरफेरॉन आलं. काही बाळांचे पाय त्याने कायमचे ताठ केले, आणि ते मागे पडलं. मग 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून ख्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक छोटं पत्र ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये छापून आलं. नाकावर गाठ असलेल्या एका बाळाला स्टेरॉइड चालू असताना हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार जडला. त्यासाठी प्रोप्रानोलॉल हे हृदयाचं औषध सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा लालभडक रंग जांभळट झाला, ती मऊ पडली. असं औषध कुणाच्याही दवाखान्यात योगायोगाने दिलं गेलं असतं. तो बदल दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोळ्यांत भरला, त्यांनी तो आणखी मुलांत पडताळून पाहिला आणि अकरा मुलांची हकीकत लिहून काढली, याचं मोल मला अपार वाटतं. 2015 साली 460 बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. किलोमागे रोज तीन मिलिग्रॅम या मात्रेने सहा महिने औषध दिलेल्यांत साठ टक्के बाळांच्या गाठी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेल्या. नुसतं दिखाऊ औषध दिलेल्यांत हे प्रमाण चार टक्के होतं.

जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयासाठी घडवलेलं हे औषध. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, नव्या वाहिन्या फुटण्याचे संदेश मंदावतात. अलीकडे प्रयोगशाळांत दिसलं आहे की या औषधाच्या रेणूच्या दोन आरसाप्रतिमांपैकी जी प्रतिमा हृदयावर फारसं काम करत नाही, तीही गाठीच्या मूळ पेशींना रोखते. हे बाळांमध्ये सिद्ध झालं तर हृदयाला धक्का न लावता उपचार करता येतील. विद्यार्थ्यांनो, या कामाकडे लक्ष ठेवा.

आणि गावातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, औषध स्वस्त आणि ओळखीचं आहे म्हणून ते सैल हाताने लिहू नका. सुरू करण्याआधी हृदयाचे ठोके, रक्तदाब, छातीतली घरघर तपासा. पाच आठवड्यांहून लहान, अपुऱ्या दिवसांचं किंवा अशक्त बाळ असेल तर पहिल्या मात्रा रुग्णालयात ठेवूनच द्या. सर्वांत मोठा धोका रक्तातली साखर घसरण्याचा आहे. म्हणून औषध दुधानंतर द्यायचं, आणि बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर लागली असेल तर त्या दिवशी थांबवून डॉक्टरांना विचारायचं, हे आईला, आजीला, घरात औषध पाजणाऱ्या प्रत्येकाला सांगा. आपल्याकडे पुष्कळदा गोळी पाण्यात विरघळवून पाजावी लागते. दहा मिलिग्रॅमची गोळी दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवली, तर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम पडतं. पण हेच औषध वीस आणि चाळीस मिलिग्रॅमच्या गोळ्यांतही मिळतं. दुकानदाराने चाळीसची पट्टी दिली आणि कृती तीच राहिली, तर बाळाला चौपट मात्रा जाते. चिठ्ठीवर गोळीची ताकद ठळक लिहा, आणि आईकडून सिरिंजमध्ये एकदा मात्रा भरून घ्या. तिने ती आपल्यासमोर भरल्याशिवाय तिला घरी पाठवू नका.

प्रत्येक गाठीला हे औषध लागत नाही. पाठीवरची, पोटावरची लहान गाठ खुशाल सोडून द्यावी. पातळ आणि वरवरची असेल तर टिमोलॉलचे डोळ्यांचे थेंब गाठीवर लावून भागतं. पण काही जागा अशा आहेत की तिथे एक आठवडाही दवडू नये. पापणीवरची गाठ बुबुळावर दाब आणते, चष्म्याचा नंबर वाकडा वाढतो, आणि त्या वयात ज्या डोळ्याला नीट दिसत नाही त्याला मेंदू बघायला शिकवत नाही. हे नुकसान पुढे गाठ विरूनही भरून येत नाही. दाढी उगवते त्या भागावर गाठ पसरली असेल आणि बाळाचा रडण्याचा आवाज घोगरा झाला असेल, तर श्वासनलिकेतही गाठ असू शकते. त्याला सर्दी-खोकला समजून घरी पाठवणं जीवघेणं ठरू शकतं. चेहऱ्याच्या मोठ्या पट्ट्यावरची गाठ दिसली की मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे तपासायलाच हवेत. कमरेखाली मणक्याच्या मधोमध असेल, तर आत मज्जारज्जू अडकलेला नाही ना, हे एमआरआयने पाहावं. अंगावर पाच किंवा अधिक गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करावी. यकृतात गाठी फार असल्या तर त्या थायरॉइडचं संप्रेरक गिळून टाकतात. ओठावरच्या आणि लंगोटाच्या जागेवरच्या गाठी चिघळतात, बाळ दूध ओढताना किंवा शी करताना कळवळतं. गाठीचा मधला भाग पांढुरका पडू लागला, की चिघळण्याची ती पूर्वसूचना समजावी.

राहिला दिसण्याचा प्रश्न. उपचार न केलेल्या गाठींच्या एका अभ्यासात निम्म्याहून थोड्या अधिक मुलांच्या कातडीवर ठळक खुणा उरल्या होत्या: सैल पडलेली कातडी, मेदाचा फुगवटा, बारीक लाल वाहिन्या. नाकाच्या शेंड्यावरची गाठ विरली तरी नाकाचा आकार बिघडलेला राहतो. लेझरने लाली कमी होते, शस्त्रक्रियेने जास्तीची कातडी काढता येते, आणि मूल शाळेत जाण्याआधी ते करावं. पण वेळेवर औषध मिळालं असतं, तर यातलं बरंच काही लागलंच नसतं.

इतर लाल डागांविषयी थोडक्यात. जन्मापासून पसरलेला, मुलाबरोबरच वाढणारा, न मावळणारा वाइनच्या रंगाचा डाग हा वेगळाच विकार आहे. त्याला प्रोप्रानोलॉल उपयोगी नाही, लेझर लागतो. तिशी-चाळिशीनंतर छाती-पोटावर उठणारे लाल ठिपके निरुपद्रवी असतात. पैसे खर्च करायला लावू नका. गरोदरपणी हिरडीवर किंवा बोटावर भराभर वाढून भळभळणारी लाल गाठ खरवडून, मुळाशी डागून काढता येते, मात्र काढलेला तुकडा तपासणीला पाठवलाच पाहिजे, कारण क्वचित तशी दिसणारी गाठ कर्करोगाची निघते.

बाळाच्या चेहऱ्यावर लाल गाठ आली की आजही आईला विचारलं जातं, ‘ग्रहण पाळलं नव्हतंस का?’ या प्रश्नाने कोवळ्या बाळंतिणीला जे सोसावं लागतं, ते आपण सर्वांनी आपापल्या दवाखान्यात पाहिलं आहे. ग्रहणाचा, विळीचा, काही चिरण्याचा या गाठीशी काडीचाही संबंध नाही, हे सासूबाई आणि नवरा यांच्या देखत मोठ्याने सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि बिब्बा लावू नका, डाग देऊ नका, हेही त्याच वेळी सांगा.

आता मागणी. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली, 1999 साली ती ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आली, आणि त्याच धर्तीवर आज देशभर आशाताई बाळाच्या घरी जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे, गाठीच्या ऐन उसळीचा काळ. पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोसही तेव्हाच असतो. ज्या सव्वा महिन्यात कुणी डॉक्टर त्या बाळाला पाहत नाही, त्या सव्वा महिन्यात आशाताई पाहतात. त्यांच्या नोंदपत्रकात एकच ओळ वाढवावी: बाळाचे कपडे काढून अंगावर वाढता लाल किंवा निळसर डाग आहे का ते पाहावं, आणि तो पापणीवर, ओठावर, नाकावर, हनुवटीवर, कमरेच्या मधोमध असेल किंवा असे डाग पाच किंवा अधिक असतील, तर फोटो काढून त्याच आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयात कळवावं. जिल्ह्याजिल्ह्यांतले त्वचारोग आणि बालरोगतज्ज्ञ ते फोटो पाहायला आणि दोन दिवसांत उत्तर द्यायला तयार असतील, तरच या ओळीला अर्थ आहे. त्यासाठी नावनोंदणीचा कागद सभागृहाबाहेर ठेवला आहे आणि पहिलं नाव मी लिहिलं आहे. ही मागणी मांडणारा ठराव समारोपाच्या सत्रात मतदानाला येईल. त्याआधी ज्यांना त्यात दुरुस्ती सुचवायची असेल, विशेषतः ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना, त्यांनी आज संध्याकाळपर्यंत ती लेखी द्यावी.