शिक्षेच्या दिवशी आई कोठे होती?
(विहारातील धम्मवर्गापुढे दिलेले भाषण)



अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. जपानी गाड्यांच्या स्पर्धेने तेथील कामगार बेकार होऊ लागले आणि त्यांचा रोष जपान्यासारख्या दिसणाऱ्या प्रत्येकावर वळला. जून १९८२ मध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला दोघा गोऱ्यांनी गाठले व त्यांतील एकाने बेसबॉलच्या दांडूने त्याचे डोके फोडले. चार दिवसांनी तो वारला. त्याचे लग्न तोंडावर आले होते. मार्च १९८३ मध्ये न्यायाधीशाने शिक्षा फर्मावली, ती काय? तीन वर्षांची परिवीक्षा आणि प्रत्येकी ३,००० डॉलर दंड! त्या दिवशी न्यायालयात सरकारी वकील हजर नव्हता आणि मृताची आई लिली चिन हिचे म्हणणे कोणीही ऐकले नाही.

तेव्हा चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे एरवी परस्परांपासून दूर राहणारे लोक एकत्र आले. 'अमेरिकन सिटिझन्स फॉर जस्टिस' ही संस्था निघाली. निग्रो समाजाच्या पुढाऱ्यांनीही पाठिंबा दिला. पुत्रशोकात बुडालेली ती वृद्ध माता गावोगावच्या सभांतून बोलली. नागरी हक्कांच्या भंगाचा खटला केंद्र सरकारला चालवावा लागला. १९८४ मध्ये मारेकऱ्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. परंतु १९८६ मध्ये ती रद्द झाली आणि १९८७ च्या फेरसुनावणीत तो निर्दोष सुटला. मी हे लपवीत नाही. मात्र मिशिगन राज्याने १९८५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा कायदा केला.

याच देशात १९२३ साली भगतसिंग थिंद यांनी आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, असा नागरिकत्वासाठी दावा मांडला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दुसऱ्याच्या उतरंडीत वरची पायरी मागणारा हा मार्ग आपण १९५६ साली नागपुरास कायमचा सोडला आहे.

आता आपल्या घरचे पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील कलम १५-अ, जे २०१६ पासून अमलात आहे, पीडिताला व त्याच्या वारसांना कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि जामीन, दोषसिद्धी व शिक्षा यांबाबत आपले म्हणणे मांडण्याचा हक्क देते. डेट्रॉइटच्या मातेला जे मिळाले नाही, ते आपल्याला लेखी मिळाले आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जाते, असे काही पोलीस अंमलदार सांगतात. ते खोटे आहे; १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश झालेला आहे.

ज्यांची प्रकरणे चालू आहेत त्यांनी फिर्यादीची नक्कल व जातीचा दाखला घेऊन येत्या रविवारी येथेच यावे. अर्ज आपण येथेच बसून लिहू.